पाय टेकेपर्यंत

१ नोव्हेंबर, रविवार

घरात डर्ट बाइक आली. हे वाक्य लिहायला मिळावं म्हणूनच ही वही आणली. डर्ट बाइक म्हणजे चिखल, खडी आणि चढ यांसाठी बनवलेली मोटरसायकल. डांबरी रस्ता तिला कमीपणाचा वाटतो. मलाही.

टेम्पोतून आणली. देणाऱ्यानेच टेम्पो बोलावून ठेवला होता. रेसच्या गाड्या टेम्पोतूनच न्यायच्या असतात, म्हणाला. माणूस जाणकार. उंचापुरा, रुबाबदार. त्याच्या पोर्चच्या वरच्या पायरीवर उभा राहून बोलत होता तर मला मान वर करून ऐकावं लागलं. मी मनात त्याचं नाव लंबू ठेवलंय. दोन वर्षं डोंगर तुडवलेत म्हणे, आणि गाडीवर एक ओरखडा नाही. याला म्हणतात हात.

देणारा म्हणजे अदलाबदल करणारा. त्याने ही गाडी दिली, मी हिची स्कूटर दिली. हिला मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं की तुझी स्कूटर अपग्रेड करून आणतो. तेव्हा हो म्हणाली होती. आता म्हणते, तिला वाटलं सीट कव्हर आणि ब्रेक बदलून आणणार. शब्दाचा अर्थ आधी नीट विचारून घ्यायला हवा होता. तिने.

संध्याकाळी ही बराच वेळ गाडीसमोर उभी होती. मग विचारलं, डब्याची पिशवी कुठे अडकवायची. म्हटलं, हुक लावून घेऊ. मग विचारलं, मी मागे बसल्यावर पाय कुठे ठेवायचे. गाडीला मागच्याचे फूटरेस्टच नाहीत, हे तेव्हा मला समजलं. म्हटलं, तेही अपग्रेड करू. यावर ती आत निघून गेली.

स्कूटर हिच्या नावावर असल्यामुळे कागदांवर हिची सही लागणार. लंबू महिनाअखेरीला घरी येऊन कागद घेऊन जाणार आहे. एक सही, त्यात काय मोठं.

एकंदर स्वागत थंड झालं. हरकत नाही. मी हात टेकणाऱ्यांतला माणूस नाही. संकल्प: रोज सकाळी राइड. रविवारी दगडखाणीचा चढ. पोट आत.

२ नोव्हेंबर, सोमवार

सही मोठी आहे.

ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. लॅब गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि उघडते भल्या सकाळी, कारण लोक उपाशीपोटी येऊन बसलेले असतात. आज दोन बस बदलून गेली आणि उशिरा पोचली. उपाशी माणसं फार घाण चिडतात म्हणे.

रात्री जेवताना शांतपणे अट सांगितली. महिना संपायच्या आत मी तिला या गाडीवर मागे बसवून लॅबच्या दारात सोडायचं. एकदाच. दोघंही धड पोचलो की ती हसत सही करेल. नाहीतर तिची स्कूटर होती तिथे परत उभी पाहिजे.

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, एकदाच कशाला, रोज सोडतो. आईही हसली, पण ते हसणं वेगळं होतं.

४ नोव्हेंबर, बुधवार

राइड अजून केलेली नाही. मुद्दामच. मी खोक्यांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. नवं मशीन आलं की आधी इन्स्पेक्शन, मग बटण. इन्स्पेक्शन होईपर्यंत मशीनवर लाल पाटी: तपासणी चालू, वापरू नये. पाटी मी लावायची, मीच काढायची. माझ्या पाटीला मालकही वचकून असतात. एकदा पाण्याच्या कूलरला लावली आणि काढायला विसरलो. लोक किती दिवस नळाचं पाणी प्यायले, पण पाटीला कोणी बोट लावलं नाही.

तसली एक पाटी आज घरी आणून गाडीच्या हँडलला बांधली. बरं वाटलं.

आईने हँडलच्या दुसऱ्या टोकाला टॉवेल वाळत घातला.

७ नोव्हेंबर, शनिवार

इन्स्पेक्शन पूर्ण. चेनचा ताण बरोबर. स्पोक एकेक करून पान्याने वाजवून पाहिले, सगळे एका सुरात. पुढच्या चाकाच्या फोर्कमधून तेलाचा टिपूस नाही. ब्रेक, क्लच, हँडलचं बेअरिंग, काही म्हणजे काही नाही. एअर फिल्टर इतका स्वच्छ की लंबू रोज साबणाने धूत असणार. टायरच्या खडबडीत उंचवट्यांवर कारखान्यातून येताना असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. दोन वर्षं डोंगर तुडवून! चाक जमिनीला अलगद लावत असेल. मोठे रायडर असेच असतात.

एकही दोष सापडला नाही. अस्वस्थ झालो. माझ्या अख्ख्या नोकरीत निर्दोष मशीन मी पाहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, साहेब, गाडीला काही झालेलं नाही, चालवा. म्हटलं, नीट बघ. त्याने परत नीट बघितलं, माझ्याकडेही बघितलं, आणि चहा पिऊन गेला.

वरवर काम करणारी माणसं.

८ नोव्हेंबर, रविवार

आज बसलो. आमच्या भाषेत याला स्टॅटिक टेस्ट म्हणतात, म्हणजे मशीन न चालवता चाचणी.

गाडी स्टँडवर असताना बसायला अप्रतिम. स्टँड काढल्यावर लक्षात आलं की कंपनीने सीट कुठल्या तरी भलत्याच माणसाचं माप घेऊन केली आहे. डावा अंगठा जमिनीला लागतो, पण तेव्हा उजवा पाय हवेत. उजवा लावायला गेलं की डावा हवेत. मधल्या काळात दोन्ही हवेत. त्या मधल्या काळात गाडी आईच्या कुंड्यांमध्ये गेली. मीही.

वेग शून्य होता, त्यामुळे याला अपघात म्हणता येणार नाही. आई खिडकीतून म्हणाली की त्या उंटावर चढायचं तर आधी उंटाला बसवायचं असतं. ही बाहेर येऊन मातीतून मला उठवायला लागली. मी म्हटलं, आधी गाडी. तिने गाडी उचलून उभी केली. मग मला.

नोंद: पडण्याचं कारण उंची नव्हे. फरशी आईच्या टॉवेलच्या पाण्याने ओली होती.

दुसरी नोंद: टॉवेल आधीच वाळला होता. फरशी कोरडी असावी. कारण शोधायचं आहे.

१० नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात कामाच्या वेळेत बराच अभ्यास केला. सापडलं. खरे डर्ट रायडर पाय टेकतच नाहीत. उभं राहून चालवतात. म्हणजे माझी पद्धत मुळात बरोबर आहे, फक्त ती सुरुवातीपासून नको, मधूनच सुरू करायला हवी.

पण गाडीत काही सुधारणा करणं अटळ. डर्ट बाइकमध्ये सुधारणा न करणं म्हणजे घर घेऊन पडदे न लावणं. पहिली सुधारणा: बूट. गुडघ्यापर्यंत येणारे, जाड टाचेचे. पायाच्या संरक्षणासाठी. टाच जाड आहे हा योगायोग.

घातले. घरात चालताना टाक टाक आवाज येतो. हिने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, आज आपण डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकतो. गंमत करायची सवय. ही माझ्यापेक्षा उंच आहे असा एक समज नातेवाइकांत पसरलेला आहे. लग्नाच्या फोटोत मी पायरीवर उभा आहे तो फोटोग्राफरच्या सांगण्यावरून.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. दर रविवारी मित्रांबरोबर दगडखाणीत गाडी उडवतो, हाडं मोडून घेतो, जोडून घेतो. गाडी बघून वेडा झाला. म्हणाला, भावजी, एक चक्कर मारू द्या. म्हटलं, पाटी वाच. वाचली. म्हणाला, कसली तपासणी चालू आहे? म्हटलं, अंतर्गत.

मग त्याने टांग टाकली, नुसतीच. पाटी न काढता. दोन्ही पाय आरामात टेकले आणि वर गुडघेही वाकले. शोभत नव्हतं. गाडीवर माणसाने असं पसरून बसू नये.

खाली उतरून त्याने विचारलं, भावजी, प्रॉब्लेम पाय टेकण्याचा आहे का? मी म्हटलं, छे. प्रॉब्लेम सस्पेन्शनचा आहे.

जाताना मागच्याचे फूटरेस्ट मात्र बसवून दिले. बहिणीसाठी म्हणाला. माझ्याही मनात तेच होतं, त्याने घाई केली.

१५ नोव्हेंबर, रविवार

सुधारणांचा दिवस. टायरमधली हवा कमी केली, कारण मातीत पकड वाढते. मागच्या शॉकअपची स्प्रिंग सैल केली, कारण कंबरेला आराम. पुढचा फोर्क वरच्या पकडीतून थोडा वर सरकवला, म्हणजे गाडीचं तोंड खाली आलं, कारण... वळताना बरं.

तिन्ही सुधारणांनंतर गाडी आपोआप खाली आलेली आहे. हा दुय्यम फायदा.

बसून पाहिलं. आता डावा पंजा टेकतो, उजवा अंगठा जवळपास पोचतो. जवळपास हा शब्द सेफ्टीमध्ये आम्ही वापरत नाही, पण ही घरगुती नोंद आहे.

आईने एक लाकडी स्टूल आणून गाडीच्या उजव्या बाजूला ठेवलं आणि आत गेली. अपमान वाटला. चढताना वापरलं.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सीट. मूळ दुखणं सीटच होतं. आतला फोम कंपनी उगाच जास्त भरते.

सुट्टी टाकून घरी थांबलो. सीट काढली, कव्हर सोलून वर केलं, फोमवर पेनाने रेघ मारली आणि पाव कापायच्या सुरीने कापायला बसलो. फोम सरळ कापला जात नाही ही माहिती कुठेच लिहिलेली नव्हती. एका बाजूला खोल गेलं म्हणून दुसरीकडे कापलं. दुसरीकडे जास्त गेलं म्हणून परत पहिलीकडे. शेवटी मी स्वतःला थांबवलं. आईच्या मते सुरी पत्र्याला लागली म्हणून थांबलो.

बसल्यावर मधे एक खड्डा लागतो आणि मागे एक उंचवटा. शरीर एकदा बसलं की बसतं. तज्ज्ञांच्या सीटही अशाच प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे करून घेतलेल्या असतात.

संध्याकाळी हिने पाव कापायला घेतला. पावाला काळा भुगा लागला. तिने पाव, सुरी आणि मी, तिघांकडे पाहिलं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज लिहायची इच्छा नाही. लिहितो.

ही उशिरा आली. दुसरी बस मिळाली नाही, सकाळी लॅबचं दार उघडायला उशीर, बाहेर लोकांचा आरडाओरडा, आणि तिच्या मोठ्या मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं की तुमची स्कूटर विकायची एवढी वेळ आली का.  घरी येऊन चपला काढल्या, पाय सुजलेले. बादलीत कोमट पाणी घेऊन पाय बुडवून बसली.

मी विचारलं, मीठ टाकू का पाण्यात. म्हणाली, टाका. टाकलं. मग म्हणाली, स्कूटरवर असताना तेवढा अर्धा तास मी माझी असायचे. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

वाईट वाटलं. खरोखर वाटलं. उद्यापासून जोरात.

२२ नोव्हेंबर, रविवार

मेहुणा आणि मंडळी खाणीचा चढ चढायला निघाली होती. मीही पूर्ण पोशाखात खाली गेलो: बूट, गुडघ्यांचे पॅड, छातीची ढाल, मानेचा पट्टा, हेल्मेट. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने विचारलं, गाडी? म्हटलं, शेवटची सुधारणा बाकी आहे, आज फक्त निरोप द्यायला आलोय.

ते गेले. धूळ उडाली. तिथेच काही वेळ उभा राहिलो. मानेच्या पट्ट्यामुळे खाली बघता येत नव्हतं. समोरची आजी जवळ येऊन विचारत होती की झुरळं मारायला आलात का, आमच्याकडेही या.

२५ नोव्हेंबर, बुधवार

गॅरेजवाल्याकडे शेवटची सुधारणा. मागच्या शॉकअपला जोडणारी पट्टी बदलून लांबीला वेगळी बसवली की मागची बाजू चांगलीच खाली बसते. त्याने विचारलं, साहेब, एवढी खाली करून दगडांवरून कशी नेणार? पोट घासेल गाडीचं. म्हटलं, आधी लॅबपर्यंत नेऊ. म्हणाला, लॅबपर्यंत डांबरी रस्ता आहे. म्हटलं, तू पट्टी बसव.

बसवली. गाडी आता दिसायला वेगळी दिसते. दमून बसल्यासारखी.

घरी आणून, म्हणजे ढकलत आणून, बसलो. डावा पाय टेकला. उजवा पाय टेकला. दोन्ही. एकदम. टाचांसकट. बुटांशिवाय पण टेकले!

घरात ओरडून सांगितलं. आई बाहेर आली, चष्मा लावून दोन्ही टाचा वाकून तपासल्या आणि म्हणाली, टेकल्यात हो. डोळ्यांत पाणी आलं, माझ्या. लाल पाटी स्वतःच्या हाताने काढली. इन्स्पेक्शन समाप्त. शनिवारी हिला लॅबवर सोडणार. जाहीर करून टाकलं.

मेहुण्याचा फोन आला. त्याने आमच्याबद्दल कधीच हात टेकले होते म्हणे. ऐकून घ्या. मी नव्हते टेकले.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

किरकोळ नोंद. संध्याकाळी आलो तर गाडी कुंड्यांच्या बाजूला उभी. सकाळी भिंतीकडे होती. आई म्हणते, झाडताना गाडी आड येत होती म्हणून ही टांग टाकून बसली आणि पायांनी ढकलत तिकडे नेली. आणि म्हणे याआधीही, सुधारणांच्या आधीसुद्धा, बरेचदा नेलीय.

शक्य नाही. तिथे उतार असणार.

उद्या. झोप लागत नाही, उत्साहाने.

२८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सगळं तयार. गाडी दारात. पूर्ण पोशाख. मेहुणा मुद्दाम आला होता, त्याने एका किकमध्ये इंजिन सुरू करून दिलं. ही डब्याची पिशवी खांद्याला लावून आली. नवीन हेल्मेट घातलं होतं तिने, स्वतःहून आणलेलं. मागे बसली. फूटरेस्टवर पाय ठेवले. पिशवी मांडीवर घट्ट धरली. म्हणाली, चला.

मी बसलेलो. दोन्ही पाय टेकलेले. क्लच दाबला. पहिला गिअर टाकला. इथपर्यंत उत्तम.

आता क्लच सोडत पाय उचलायचे.

आमच्या कारखान्यात भिंतीवर मीच बनवलेली चित्रं लावलेली आहेत: माणूस शिडीवरून पडतो, माणसाचा हात पट्ट्यात जातो, माणूस तेलावरून घसरतो. खाली सूचना. त्या क्षणी मला ती सगळी चित्रं एकामागून एक दिसली. सगळ्या माणसांना माझं तोंड होतं. शेवटच्या चित्रात मागे हीपण होती. त्या चित्राखाली सूचना काही सुचेना.

महिनाभर पाय टेकत नव्हते. आज टेकले, तर उचलेनात.

किती वेळ गेला माहीत नाही. इंजिन तापलं, माझी पोटरी भाजायला लागली. मेहुणा म्हणाला, भावजी, सोडा हळूहळू. आई म्हणाली, अरे, रस्ता मोकळा आहे. रस्ता मोकळा होता. तेच तर.

मग हिने मागून माझ्या दंडावर हात ठेवला. मेहुण्यासमोर काही टोमणा मारेल असं वाटलं. ती नुसती म्हणाली, बस चुकेल माझी. उतरली, आणि गेली. नवीन हेल्मेट डोक्यावर तसंच. बसमध्ये हेल्मेट घालून गेली असणार.

मी घाबरलो होतो.

(वरची ओळ खोडायची आहे. हे पेन नीट खोडत नाही.)

२९ नोव्हेंबर, रविवार

लंबू कागद घ्यायला येणार होता. गॅलरीत उभा राहून वाट बघत होतो. काय सांगायचं ते पाठ करत होतो: अदलाबदल रद्द, सही मिळणार नाही, माणसाने माणसाला समजून घ्यावं. एवढा धिप्पाड माणूस कसं घेईल याची धाकधूक.

हिची स्कूटर कोपऱ्यावरून वळताना दिसली. ओळखलीच, पुढचा मडगार्ड चेपलेला. पण वर कोणी तरी बुटका माणूस होता. वाटलं, लंबूने माणूस पाठवला.

खाली गेलो. त्याने हेल्मेट काढलं. आवाज तोच. मिशी तीच. लंबू माझ्या कानापर्यंत येत होता.

पायऱ्या. तो माणूस मला जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा पोर्चच्या वरच्या पायरीवर उभा होता. खाली उतरलाच नव्हता कधी. हातसुद्धा त्याने वरूनच मिळवला होता.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने गाडीकडे बघितलं. गाडी कुंड्यांजवळ दमून बसलेली होती. तो बोलायचं विसरून तिच्याजवळ गेला, सीटवर हात फिरवला, माझ्या खड्ड्यातून फिरवला, मला विचारलंही नाही, आणि टांग टाकून बसला. दोन्ही पाय टेकले. त्याने खाली बघितलं. परत बघितलं. मग बोनसच्या दिवशी कारखान्यात लोकांचा असतो तशा चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं.

दोन वर्षं, तो म्हणाला. पोर्चमधून बाहेर काढता आली नाही हो. डोंगरांचं लोकांना सांगत होतो. काढायची म्हटली की टेम्पो.

तेवढ्यात ही हातात पेन घेऊन खाली आली. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काय झालं ते तिला मी सांगायच्या आत समजलं. तिने त्याला विचारलं, जमतंय ना बसायला? तो म्हणाला, वहिनी, काय सांगू. ती म्हणाली, मग न्या की. स्कूटरची किल्ली माझ्याकडे द्या.

त्याने किल्ली दिली. एका शब्दाने खळखळ नाही. सुधारणांबद्दल काही द्यायचं का, असं उलट मलाच विचारलं. मी नको म्हटलं. स्वाभिमान.

मग तो गाडी सुरू करून गेला. खरोखर गेला! पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय बाजूला लोंबकळत, कोपऱ्यापर्यंत दोनदा टेकले, मग वर घेतले आणि वळला. लंबूच्या पायांना उचलणं जमलं. मी टाळी वाजवली. का ते माहीत नाही. आईनेही वाजवली.

त्याच्या आणि माझ्यात फरक उंचीचा नाही, हे आता लिहून ठेवायला हवं. उंचीत मी पुढे आहे.

लाल पाटी दिवसभर सापडत नव्हती. संध्याकाळी सापडली. आईने बुटांच्या जोडीला बांधून माळ्यावर टाकली आहे.

३० नोव्हेंबर, सोमवार

बस संपावर. कारखान्यात जायची पंचाईत. ही म्हणाली, तुमचा कारखाना माझ्याच वाटेवर आहे, बसा मागे.

कारखान्यात आजपासून सेफ्टी सप्ताह, गेटवर माझं भाषण. उशीर चालणार नव्हता. बसलो. हेल्मेट डर्ट बाइकचंच होतं, पुढे चोच असलेलं. दुसरं नव्हतं.

ही फार छान चालवते. मी मागे कधी बसलोच नव्हतो, म्हणून माहीत नव्हतं. खड्डा आधी दिसतो तिला. वळताना अंग किंचित कलतं, तेवढंच. सिग्नलला थांबली की दोन्ही पाय टेकतात, सहज, बघावंसुद्धा लागत नाही तिला. मधेच काहीतरी गुणगुणत होती. मग एकदम मोठ्याने म्हणाली की उद्यापासून बस चालू झाली तरी याच वेळेला निघू, तुम्हाला सोडून मी पुढे जाईन.

माझेही दोन्ही पाय टेकलेले होते, मागच्या फूटरेस्टवर. स्कूटरला ते मुळातच असतात, वेगळे बसवावे लागत नाहीत. कंपनीने फार विचारपूर्वक केलेली गाडी.

पुलाच्या उतारावर तिने वेग घेतला. माझे हात कुठे असावेत ते समजेना, दांडी सापडेना, पिशवी धरली तर डबा वाजायला लागला. ओरडून विचारलं, हात कुठे ठेवू. ती मागे न बघता म्हणाली, खांद्यावर टेका ना.

हात टेकले.